अठ्ठ्याहत्तरपैकी शून्य

नकाशेबाई या ऑफिसात बदलून आल्या त्या दिवशी तळमजल्यावर कुणाचा तरी खून चालला होता. निदान बाईंची तरी तशी खात्री झाली होती. हातात हजर झाल्याचा अर्ज घेऊन त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या, आणि समोरच्या बंद दारामागून असा आवाज येत होता की दारावरची ‘शांतता राखा’ ही पाटी खिळ्यावर थरथरत होती. पुढे हा प्रसंग सांगताना बाई दर वर्षी त्यात थोडी भर घालत गेल्या. पहिल्या वर्षी नुसती पाटी थरथरली. तिसऱ्या वर्षी भिंतीचा पोपडा पडला. पाचव्या वर्षापर्यंत छपरावरची कबुतरं उडून गेली होती आणि ती अजून परतलेली नव्हती. दहाव्या वर्षी शेजारच्या इमारतीतले लोक भूकंप समजून चपला हातात घेऊन रस्त्यावर आले. यातलं कबुतरांचं खरं असावं.

बाईंनी धीर करून दार ढकललं. आत प्रेत नव्हतं. चार कपाटं एकमेकांना चिकटवून ठेवावीत एवढं एक यंत्र घुमत होतं आणि थंडी अशी होती की बाईंचा चष्मा बाहेर आल्यावर धुरकटला. यंत्राला गरम झालेलं चालत नाही म्हणून ती खोली बारा महिने गार ठेवत. त्या गारठ्याच्या मधोमध, एकावर एक दोन स्वेटर, कानाला मफलर, आणि तरीही चेहरा लालबुंद, असा एक माणूस फोनवर बोलत होता. म्हणजे फोनची तशी गरज नव्हती. पलीकडचा माणूस दुसऱ्या मजल्यावर होता आणि त्याला ते खिडकीतूनही ऐकू गेलं असतं.

“बटण दाबून गेलात? लॉगआउट न करता? अहो, घरातून निघताना दार ओढून घेता की विजेचा मेन स्विच पाडून खिडकीतून उडी मारता? तुम्ही गेलात जेवायला, आणि माझ्या यादीत अजून आत बसलायत. काल रात्रभर आत होतात. परवाही. बायकोला सांगू का, नवरा कुठे होता ते?”

फोन आपटून तो वळला. “तुम्ही कोण?”

“नकाशा विभागात आलेय, बदलून. लॉगिन पाहिजे होतं.”

“काम झालं की काय करणार?”

बाई गोंधळल्या. “घरी जाणार.”

“त्याआधी.”

“डबा घेणार.”

त्याने बाईंकडे बराच वेळ रोखून पाहिलं. मग खुर्चीवरचा कागदांचा गठ्ठा जमिनीवर ठेवला आणि म्हणाला, “बसा.” त्याच्या आयुष्यात यापेक्षा मोठं आदरातिथ्य नव्हतं, हे बाईंना पुढे कळलं.

इमारतीतल्या सगळ्यात थंड खोलीत बसणाऱ्या या माणसाला अख्खं ऑफिस भट्टी म्हणत असे. हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या चहाच्या कपावरही कुणीतरी रंगाने ‘भट्टी’ असं लिहून ठेवलं होतं आणि तो त्यातूनच चहा पीत असे, रागाने.

नद्यांची आणि खाड्यांची मापं घेऊन त्यांचे नकाशे करणारं हे ऑफिस. तीन मजल्यांवर मिळून चाळीसेक टर्मिनलं, म्हणजे नुसते पडदे आणि कीबोर्ड. डोकं सगळ्यांचं मिळून एकच, ते तळमजल्यावर भट्टीच्या ताब्यात. आपलं नाव आणि पासवर्ड घातला की माणूस त्या यंत्रात शिरत असे. कोण शिरलं, कुठल्या टर्मिनलवरून, किती वाजता, हे यंत्र आपल्या एका वहीत टिपून ठेवी आणि माणूस रीतसर लॉगआउट झाला की ती नोंद मिटवी. अडचण एकच होती. लोक रीतसर काही करत नसत. पडद्याचं बटण दाबून पसार होत. वहीतली नोंद तशीच राही. भट्टी अशा नोंदींना भुतं म्हणे. सकाळी आल्याबरोबर तो यादी काढून एकेका भुताला फोन करी, आणि ऑफिसचा दिवस सुरू झाल्याचं तीनही मजल्यांना घड्याळाशिवाय समजे.

दुपारी एकला फोन वाजला की तो मात्र त्याच्या बायकोचा असे. ती शाळेत शिक्षिका होती. तिने “अहो, जेवलात का?” विचारायचं, याने “नाही जेवलो, इथे भुतं जेवतायत मला” असं गरजायचं, आणि तिने शांतपणे “मग डबा उघडा” म्हणून फोन ठेवायचा. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. तिला मुलांच्या गलक्याची सवय होती.

बाई येऊन वर्ष झालं असेल. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचं होतं. भट्टीने यादी पाहिली: अकरा जण आत. फोन लावले. एक जेवायला गेलेला, दुसरा रजेवर, तिसरा तर दोन महिन्यांपूर्वी निवृत्त. सलग दहा भुतं निघाली. दहाव्याला शिव्या घालता घालता त्याचा घसा बसला आणि अकराव्याला फोन न करता त्याने यंत्र बंद केलं.

अकरावं नाव नकाशेबाईंचं होतं. त्या भूत नव्हत्या. तिसऱ्या मजल्यावर पडद्याला नाक लावून एका नदीचं वळण काढत होत्या. सकाळपासूनची नदी एका क्षणात गेली.

बाई खाली आल्या नाहीत. भट्टीच वर आला, धापा टाकत. बाईंना वाटलं, आता आपल्यालाच बोलणार. तो दारात उभा राहिला, काळ्या पडद्याकडे बघितलं, मफलर सोडला, पुन्हा बांधला.

“किती गेलं?”

“साडेतीन तास.”

“सेव्ह का नव्हतं केलं?” असं तो ओरडणार होता, तोंड उघडलंही होतं. ते मिटून तो खाली गेला. माफी मागितली नाही. माफी मागण्याची त्याला सवय नव्हती. पण पुढचे आठ दिवस तळमजल्यावरून आवाज आला नाही, आणि नवव्या दिवशी त्याचा ‘आतकोण’ हा प्रोग्रॅम तयार झाला.

हा प्रोग्रॅम यंत्राच्या वहीवर भरवसा ठेवत नसे. वहीतल्या प्रत्येक नावाला तो तीन प्रश्न विचारी. तुझी नोंद आहे का? नोंद आहे, पण तुझं सेशन, म्हणजे आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतची बैठक, खरंच जिवंत आहे, की मागे काही चालू नसताना नुसती पाटी राहिली आहे? आणि जिवंत असशील, तर कीबोर्डला शेवटचं बोट कधी लागलं? तिन्ही उत्तरं जमेस धरून तो भुतं पुसून टाकी आणि एक जरी जिवंत माणूस आत सापडला तरी यंत्र बंद करायला साफ नकार देई, खुद्द भट्टीलासुद्धा. मग भट्टी फोन उचलून म्हणे, “बाई, उद्या दुपारी बंद करू का? नदी कुठवर आलीय?” बाई सांगतील तेव्हाच यंत्र बंद होई. हीच ती माफी, हे बाईंच्या लक्षात यायला वर्ष गेलं.

एवढंच नव्हे, बाईंना त्याने एक सवलत दिली होती जी ऑफिसात दुसऱ्या कुणाला नव्हती. नकाशाची मोठी शीट त्या यंत्रात उघडायला पाऊण तास लागे. रोज संध्याकाळी लॉगआउट व्हायचं तर रोज सकाळी पाऊण तास हातावर हात ठेवून बसावं लागे. म्हणून बाईंनी लॉगआउट व्हायचं नाही. पडद्याला कुलूप लावून घरी जायचं आणि सकाळी कुलूप काढून नदी जिथे सोडली तिथून पुढे न्यायची. नकाशा विभागात पूर्वी तिघं होती, तिघंही असंच करत. आता दोघं निवृत्त झाली आणि एकट्या बाई उरल्या होत्या.

मात्र एका गोष्टीवरून दोघांचं दर महिन्याला भांडण होई. ती सकाळची नदी गेल्यापासून बाई रोज संध्याकाळी शीटची एक नवी प्रत तारीख घालून ठेवत. जुन्या पुसत नसत.

“बाई, तुमच्या प्रतींनी माझी अर्धी डिस्क खाल्ली. एकच नदी तीनशे वेळा कशाला पाहिजे?”

“तुमच्यामुळे.”

“ती एकदा झालेली चूक आहे.”

“म्हणूनच तीनशेच ठेवल्यात.”

भट्टी पाय आपटत निघून जाई आणि प्रतींना हात लावत नसे.

असं अकरा वर्षं चाललं. मग नवे साहेब आले. साहेब बोलायला इतके मऊ होते की त्यांच्याशी भांडून आलेल्या माणसाला आपण भांडलो हे घरी गेल्यावर कळे. त्यांना प्रत्येक गोष्ट तक्त्यात लागे. कुणी “साहेब, वरचा नळ गळतोय” म्हटलं तर ते “तक्ता करा” म्हणत. महिन्याभरात त्यांचं नाव तक्तेसाहेब पडलं. ‘आतकोण’बद्दल त्यांच्या कानावर आलं आणि ते स्वतः तळमजल्यावर उतरले.

“फार सुंदर काम केलंय तुम्ही,” तक्तेसाहेब म्हणाले. “यातून हजेरी काढता येईल.”

“नाही येणार. हा यंत्र बंद करताना कुणाचं काम जाऊ नये म्हणून आहे. माणूस यंत्रात आहे की नाही एवढंच सांगतो. तो काम करतोय की खिडकीतून बघतोय, हे यंत्राच्या बापालाही कळत नाही.”

“मला तेवढं खोल नकोच आहे. आज कोण आलं, इतकंच. रोज एक तक्ता. पाच वाजेपर्यंत द्याल?”

भट्टी तासभर भांडला. साहेब तासभर हसतमुख राहिले आणि शेवटी म्हणाले, “मग पाच वाजता.”

त्या दुपारी भट्टी इतका भडकला होता की टाइप करताना कीबोर्डची दोन बटणं उडाली. त्यातलं एक पुढे चहाच्या कपात सापडलं. असल्या हलकट कामाला माझे तीन चांगले प्रश्न द्यायचे नाहीत, असं त्याने दात-ओठ खात ठरवलं. साहेबांना मूर्ख तक्ता हवाय ना, मग घ्या मूर्ख तक्ता. चाळीस मिनिटांत त्याने असा प्रोग्रॅम लिहिला जो एकच प्रश्न विचारी: आज नवं सेशन कुणी उघडलं? उघडलं तर हजर, नाही तर गैरहजर. पाचला दहा कमी असताना त्याने तो चालू करून दिला आणि घरी जाऊन बायकोला म्हणाला, “असा भिकार प्रोग्रॅम आयुष्यात लिहिला नव्हता.” ती म्हणाली, “हात धुऊन घ्या.”

तिमाही संपली. तक्तेसाहेबांनी पहिली उपस्थिती यादी सूचनाफलकावर लावली. पहिला नंबर होता ‘पातळी’ या नावाचा. एकही दिवस चुकलेला नाही, रविवारीसुद्धा हजर. साहेबांनी त्याला प्रशस्तिपत्र दिलं: ‘श्री. पातळी यांस, निष्ठेबद्दल.’ पातळी हे भट्टीने नऊ वर्षांपूर्वी बनवलेलं एक खातं होतं. त्या नावाने एक प्रोग्रॅम रोज पहाटे यंत्रात शिरे, नद्यांची पाणीपातळी छापे आणि बाहेर पडे. प्रशस्तिपत्र कुणाच्या टेबलावर ठेवायचं हे शिपायाला कळेना. त्याने ते प्रिंटरवर ठेवलं. त्या दिवशी ऑफिस पोट धरधरून हसलं. बाईही हसल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलावर लिफाफा आला.

‘मागील तिमाहीतील अठ्ठ्याहत्तर कामाच्या दिवसांपैकी आपण शून्य दिवस हजर असल्याचे दिसून येते. सबब आपली सेवा समाप्त का करण्यात येऊ नये, याचा खुलासा येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता समक्ष करावा.’

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. निवृत्तीला एकोणीस महिने उरले होते. बावीस वर्षांच्या नोकरीवर काट मारली तर पेन्शन जाणार होती. आणि समोर पडद्यावर नदीचं मुख होतं. तीन वर्षं त्या एका मुखावर बसल्या होत्या. गाळाची बेटं दर मोजणीत सरकत आणि बाई दर वेळी ती पुसून नव्याने काढत. शून्य दिवस. बाईंना आधी हसू आलं आणि मग असा राग आला की त्यांनी चष्मा काढून ठेवला. रागात आपल्या हातून काही फुटू नये म्हणून त्या नेहमी आधी चष्मा काढत.

जिना उतरून त्या तळमजल्यावर गेल्या आणि पत्र भट्टीच्या कीबोर्डवर ठेवलं.

भट्टीने वाचलं. “या तक्त्याच्या तर,” म्हणत तो उठला, बाह्या सरसावल्या, दाराकडे निघाला. “माणसांना काढायला बसलाय का? तुम्ही इथून हलत नाही, रोज तुमचं सेशन बघतो मी. हा माणूस मुद्दाम…”

“मुद्दाम कसं? तक्ता तुमचा आहे ना?” बाई म्हणाल्या. “तुमच्याच यंत्राने शून्य म्हटलंय मला.”

तो थांबला. परत खुर्चीवर बसला. स्वतःचा तो चाळीस मिनिटांचा प्रोग्रॅम उघडून त्याने वाचला. लहानसाच होता, वाचायला अर्धं मिनिटही लागलं नाही. तरी तो बराच वेळ वाचत राहिला.

बाईंचं शेवटचं सेशन एकशे त्रेचाळीस दिवसांपूर्वी उघडलं होतं, यंत्र शेवटचं बंद करून चालू केलं त्या दिवशी. तेव्हापासून त्या आतच होत्या. रोज येत होत्या, कुलूप काढत होत्या, नदी पुढे नेत होत्या, पण नवं सेशन उघडत नव्हत्या. त्यांना तसं करायला भट्टीनेच सांगितलं होतं. आणि आज कुणी नवं सेशन उघडलं, एवढाच प्रश्न विचारणारा प्रोग्रॅमही त्यानेच लिहिला होता.

“बोला की,” बाई म्हणाल्या. “एरवी सगळी इमारत हलवता.”

“मी रागात लिहिला.”

“कुणाच्या?”

“त्याच्या.”

“आणि घर कुणाचं बसलं?”

भट्टी पुन्हा पडद्याकडे वळला. बाईंना तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्या जिना चढल्या तेव्हा पाठीमागे दार नुसतं लागलं, आपटलं नाही.

शुक्रवारी दुपारी एकला बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. भट्टीची बायको होती. दोघींची ओळख फोनवरचीच.

“ताई, एक विचारू? हे दोन दिवस घरी ओरडले नाहीत. दुधात माशी पडली तरी काही बोलले नाहीत, माशी काढून प्यायले. मला भीती वाटतेय. काय झालंय?”

बाईंनी सांगितलं. मग ती म्हणाली, “बारा वर्षांत यांनी तुमच्याबद्दल एकच तक्रार केलीय, प्रती पुसत नाहीत म्हणून. त्या अजून आहेत ना?”

बाईंनी फोन ठेवला आणि सावकाश चष्मा घातला.

त्या खाली गेल्या तर भट्टी त्या प्रतींचीच यादी छापत बसला होता. प्रिंटरमधून कागद लांबच लांब बाहेर येत होता आणि जमिनीवर त्याच्या घड्या पडत होत्या. तिमाहीत पंचाहत्तर प्रती. प्रत्येकीवर तारीख, वेळ, बाईंचं नाव. यंत्राने घातलेलं, कुणाला बदलता न येणारं. उरलेले तीन दिवस बाईंच्या यजमानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि त्या रजेचा अर्ज मंजूर होऊन फाइलमध्ये होता.

“सोमवारी मी येतो,” भट्टी म्हणाला.

“तुम्हाला बोलावलेलं नाही.”

“तरी येतो.”

“मग एका अटीवर. ओरडायचं नाही. तुम्ही ओरडलात की लोक तुमचा आवाज ऐकतात आणि माझं काम राहतं बाजूला.”

“नाही ओरडणार.”

“यजमानांच्या डोळ्याची शपथ घेऊ नका, पण शब्द द्या.”

“दिला.”

सोमवारी अकराला तक्तेसाहेबांच्या खोलीत साहेब आणि आस्थापना अधिकारी अशी दोघं टेबलाच्या पलीकडे, अलीकडे बाई. बाईंच्या मागे भट्टी कागदाची गुंडाळी घेऊन उभा, एका स्वेटरवर. त्याला खुर्ची दिली नाही, त्याने मागितली नाही.

“आपल्याबद्दल वैयक्तिक काही नाही,” साहेब मऊपणे म्हणाले. “आकडा आहे, त्याला मी तरी काय करणार?”

भट्टीने गुंडाळीचं टोक टेबलावर ठेवलं आणि बाकीची सोडली. कागद टेबलावरून घरंगळत साहेबांच्या पायापर्यंत गेला. मग तो बोलला, इतक्या हळू की आस्थापना अधिकाऱ्यांना पुढे वाकावं लागलं.

“आकडा मी काढलाय. तो आज नवं सेशन कुणी उघडलं तेवढंच मोजतो. या बाई आतच होत्या, एकशे त्रेचाळीस दिवस. उघडणार कुठून? हे मला माहीत होतं. प्रोग्रॅम लिहिताना मी तुमच्यावर चिडलो होतो आणि विचार केला नाही. चूक माझी. ही पंचाहत्तर दिवसांची कामं. ही तीन दिवसांची रजा.”

“म्हणजे बाईंनी रोज लॉगआउट करण्याचा नियम पाळला नाही,” साहेब म्हणाले. “तसाही एक मुद्दा निघतो. तो आपण तक्त्यात…”

इथे कुणीतरी ओरडलं. बाहेरच्या लोकांनी माना वर केल्या, सवयीने म्हणाले, “भट्टी पेटली.” पण आवाज बाईंचा होता.

“तक्त्यात घालाच. घाला मला तक्त्यात. तीन वर्षं एका मुखावर बसलेय मी, साहेब. चष्म्याचा नंबर तीनदा बदललाय. तुमच्या या खोलीपासून माझ्या टेबलापर्यंत एकवीस पायऱ्या आहेत, अठ्ठ्याहत्तर दिवसांत एकदा चढला असता तर मी दिसले असते. आणि ज्याला हात नाहीत, पाय नाहीत, असल्या प्रोग्रॅमला तुम्ही निष्ठेचं पत्र दिलंत. श्री. म्हणालात त्याला. माझं मात्र शून्य. हा माणूस निदान चूक केली म्हणतोय. तुमच्या तक्त्यात चुकीला रकाना आहे का?”

टेबलावरचा पेन घरंगळून खाली पडला. कुणी उचलला नाही. आस्थापना अधिकारी कागदाच्या घड्या उलगडून तारखा पाहत होत्या, पाहता पाहता त्यांनी एक विचारलं, “पातळी म्हणजे कोण?” भट्टीने सांगितलं. त्या बराच वेळ खाली मान घालून बसल्या. त्यांचे खांदे हलत होते.

दुपारी निर्णय आला. बाईंवरची कारवाई मागे. मात्र यापुढे सर्वांनी, अपवाद न करता, रोज संध्याकाळी लॉगआउट करावं आणि सकाळी नवं सेशन उघडावं. हजेरीचा तक्ता चालू राहील.

बाईंची नोकरी वाचली आणि रोजची पाऊण तास नदी गेली. त्या सकाळी नऊला लॉगिन करत, शीट उघडू लागे, आणि पावणेदहापर्यंत बाई पडद्यावरच्या रिकाम्या चौकटीकडे रागाने बघत बसत. एकोणीस महिन्यांत रोज पाऊण तास. बाईंनी हिशोब मांडला आणि मुखाची पूर्वेकडची बाजू आपल्या हातून होणार नाही असं भट्टीला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात बाई नऊला आल्या तेव्हा शीट उघडून तयार होती. दुसऱ्या दिवशीही. त्यांनी खाली फोन केला.

“हे तुम्ही केलंत?”

“काय केलं?”

“माझ्या नावाने कोणीतरी सव्वाआठला आत शिरतंय.”

“शिरू द्या. पातळीची भावंडं वाढली म्हणा.”

“पासवर्ड कुणाला देऊ नका म्हणून बारा वर्षं ओरडलात तुम्ही.”

“मग काय करू आता?” भट्टी गरजला, आणि तळमजल्यावरून तो आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत फोनशिवाय आला. “उघडलीय ना नदी? मग काढा की.”

बाईंनी नदी काढली. भट्टीची सात महिन्यांनी भांडारात बदली झाली. तिथे तो खिळ्यांच्या आणि फायलींच्या पिशव्यांवर ओरडत असे, पण पिशव्या काही उत्तर देत नसत म्हणून त्याचं मन रमलं नाही, असं त्याच्या बायकोने बाईंना सांगितलं. त्याच्या जागी आलेला माणूस शांत होता. त्याने कुठल्याच प्रोग्रॅमला हात लावला नाही.

बाई ठरल्या दिवशी निवृत्त झाल्या, मुख पूर्ण करून, पूर्वेच्या बाजूसकट. नकाशा छपाईला गेला की नाही, हे त्यांना कुणी कळवलं नाही.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या तिमाहीत त्यांची हजेरी शंभर टक्के भरली, रविवार धरून. प्रशस्तिपत्र टपालाने घरी आलं. त्यावर त्यांच्या नावाआधी ‘श्री.’ छापलं होतं.